उजवा पाच, डावा शून्य

दिवसातली ही पाचवी केस होती. भूलतज्ज्ञ बाईंच्या पायांचे तुकडे पडले होते आणि सकाळपासून तीन कप चहा हातही न लावता गार झाला होता. तरी कामात चालढकल करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

टेबलावर पन्नाशीची एक पेशंट होती, घड्याळं दुरुस्त करणारी. पित्ताशय काढायचं होतं. पण जोडीला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मज्जातंतूंवरचं आवरणच खात सुटणारा आजार. त्यात तीन वर्षांपूर्वी तिचा डावा हात पार लुळा पडला होता.

"उजवा तेवढा सांभाळा, डॉक्टर," ती म्हणाली. "त्याच्यावरच पोट आहे माझं."

"जसा आहे तसा परत करीन."

असा शब्द देऊ नये, हे बाईंना कळत होतं. या आजारात भूल बहुतेकदा सुखरूप पार पडते. पण पुढे ताप चढला की आजार उचल खातो आणि खापर भुलीवर फुटतं. म्हणून त्यांची एक पद्धत होती. भुलीआधी आपली दोन बोटं पेशंटच्या मुठीत द्यायची, "दाबा" म्हणायचं आणि जोर पाचापैकी किती ते कागदावर लिहायचं. जाग आल्यावर पुन्हा तेच. हिचा उजवा पाच, डावा शून्य.

भूल चढली. तापमान ठीक होतं. स्नायू सैल करणारं औषध बेतानेच दिलं होतं, आणि उजव्या मनगटावरचं यंत्र सांगत होतं की काहीही हलत नाही. बाईंनी चादरीखाली हात घालून तिचा डावा हात नीट ठेवला.

त्या हाताने त्यांची दोन बोटं धरली.

"हिचा हात हलला का हो?"

"भूल तिला द्यायची होती, तुम्ही नव्हती घ्यायची," सर्जन मान वर न करता म्हणाले.

बाई कसनुशा हसल्या. दुबळ्या स्नायूंवर हे औषध कधीकधी कमी चालतं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. पण ज्या हातात जोरच नाही, तो धरतो कसा?

शेवटचा टाका पडेपर्यंत पकड सुटली नाही. उरलेलं सगळं काम बाईंनी एका हाताने केलं. कुणाला सांगत बसण्याचंही त्राण नव्हतं.

तासाभराने ती नीट जागी झाली.

"दाबा."

उजवा पाच. बाईंचा जीव भांड्यात पडला. डावा शून्य, पहिल्यासारखाच.

"मघाशी माझा डावा हात तुम्ही धरला होता ना?" ती पेंगुळल्या आवाजात म्हणाली. "तीन वर्षांनी त्याला काहीतरी कळलं."

"मी नाही. तुम्हीच माझी बोटं धरली होती."

"मी कशी धरणार?"

बाई पलंगाच्या पायथ्याशी जाऊन आकडे लिहू लागल्या.

"डॉक्टर."

"हं?"

"आता उजवा का धरलात? सोडा ना."

बाईंच्या एका हातात कागद होता, दुसऱ्यात पेन. पाचाच्या आकड्याची शाई अजून ओली होती.