मामांचा दुपारचा खेळ

लाल ठिपका नेमका त्याच्या नाकावर पडला.

चूक माझी नव्हती. मी भिंत मोजत होते. हातातल्या यंत्राचं बटण दाबलं की लेसरचा ठिपका समोरच्या भिंतीवर जाऊन बसतो आणि अंतर आकड्यात उमटतं, एवढं साधं काम. पण ऐन वेळी गाद्यांच्या दोन थप्प्यांमधून एक उंच मुलगा बाहेर आला. खांद्यावर गुंडाळलेली गादी. ठिपका बघून तो जागच्या जागी थांबला, गादी खाली टाकली आणि दोन्ही हात वर केले.

"शरण आलो! गोळी घालायच्या आधी गुन्हा तरी सांगा."

"मधे येण्याचा," मी म्हणाले. "बाजूला व्हा. तुमच्यामुळे भिंत जवळ दिसतेय."

"कुणीतरी जवळ आलं म्हणून तक्रार करणारी पहिलीच बघितली हं..."

मी यंत्र पुन्हा भिंतीवर रोखलं. पण पुढचा आकडा दोनदा चुकीचा लिहिला, हे खरं.

मी नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसात कामाला आहे. जुन्या इमारतीचं नवं काही करायचं ठरलं की आधी मला पाठवतात... भिंती, दारं, जिने मोजून आणायला. ही इमारत सांगितली तेव्हा मी साहेबांना पुन्हा पत्ता विचारला, कारण ते आमचं थिएटर होतं. कोपऱ्यावरचं, घरापासून चपला घालून चालत जायचं. बाबा दर सुट्टीला न्यायचे. सगळे पडद्याकडे बघायचे आणि मी खुर्चीवर गुडघे टेकून उलटी बसायचे. मागच्या भिंतीतल्या भोकातून तो उजेडाचा झोत निघायचा, आणि त्यात धुळीचे कण असे तरंगायचे की मला वाटायचं, माणसं, घोडे, आगगाड्या, सगळं त्या धुळीतूनच पुढे जातंय. बाबा म्हणायचे, "अगं, सिनेमा तिकडे आहे!" मला काही पटायचं नाही.

आमच्या भागातली थिएटरं एकेक करून गेली. एकाचं सुपरमार्केट झालं; पडदा होता तिथे आता दुधाचे फ्रीज उभे आहेत. दुसरं पाडून गाड्या लावायची जागा केली. आमच्या थिएटरात गाद्यांचं गोदाम आलं. खुर्च्या उपटून नेल्या, पण जमिनीचा उतार कोण नेणार? त्यामुळे गाद्यांच्या थप्प्या हळूहळू पडद्याच्या बाजूला घसरतात आणि त्यांना खालून लाकडी ठोकळे लावावे लागतात. हे ठोकळे लावायचं काम त्या उंच मुलाचं. तो गोदामाचा व्यवस्थापक; हिशोबापासून हमालीपर्यंत सगळं तोच करायचा. सगळे त्याला गादीवाला म्हणायचे. मला त्याने पहिल्याच दिवशी 'फूटपट्टी' करून टाकलं.

"काय फूटपट्टी, आज कुठली भिंत?"

"बाल्कनीची. आणि मला नाव आहे."

"असेल. पण नावाने हाक मारली की माणूस ओळखीचा होतो. मग काम संपल्यावर त्रास होतो हो."

हे तो असं म्हणायचा की हसावं की थांबावं, कळायचं नाही. तिथेच तर सगळी गोम होती. त्याच्या तोंडून सरळ वाक्य म्हणून बाहेर पडायचं नाही. बाल्कनीचा जिना अंधारा होता, तर रोज माझ्या आधी वर जाऊन दिवा लावून ठेवायचा, विचारलं तर म्हणायचा, "तुम्ही पडलात तर गादी फुकट द्यावी लागेल." एकदा मी शिडीवर असताना शिडी डुगडुगली. तो धावत आला आणि काम होईपर्यंत दोन्ही हातांनी ती धरून उभा राहिला, एक अक्षर न बोलता. उतरले तेव्हा त्याचा हात माझ्या हाताला लागला. बस, एवढंच... पण गाद्यांनी भरलेल्या त्या दालनात आवाज अजिबात घुमत नाही. अशा शांततेत स्वतःच्या छातीची धडधड फार ऐकू येते.

"तुमचं वजन अंदाजापेक्षा जास्त आहे," तो म्हणाला.

मेल्या, असं वाटलं मला. मोठ्याने नाही म्हटलं.

आणि मग साहेबांनी बोलावलं. दुसऱ्या शहरात शाखा उघडतेय, तिथलं काम तू सांभाळ. उद्या संध्याकाळपर्यंत हो की नाही कळव. पगार चांगला, काम मोठं. महिन्यापूर्वी असतं तर मी उडी मारली असती. आता मात्र मी रात्रभर कूस बदलत राहिले. मला कुणी थांबवायला नको होतं. पण माझ्या जाण्याने कुणाला काही होतंय का, एवढं तरी कळायला हवं होतं. तेही सरळ शब्दांत.

दुसऱ्या दिवशी माझं मोजणीचं शेवटचं काम होतं. मी आत शिरल्या शिरल्या सांगून टाकलं.

"मला बाहेरगावी बोलावलंय. कायमचं म्हटलं तरी चालेल. आज संध्याकाळी कळवायचंय."

तो ठोकळा लावत होता. हात थांबला. क्षणभर, अगदी क्षणभर त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं— आता.

"अरे वा!" तो म्हणाला. "म्हणजे तिकडच्या भिंतींचं काही खरं नाही."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते त्याला दिसू नये म्हणून मी बॅग उचलली आणि जिन्याकडे वळले.

"फूटपट्टी... अहो, ऐका ना—"

"केबिन राहिलीय," मी म्हणाले, आणि दोन-दोन पायऱ्या टाकत वर गेले.

केबिन म्हणजे जिथून सिनेमा दाखवायचे ती खोली. बाल्कनीच्याही वर, रस्त्याच्या बाजूला. इतके दिवस ती मी टाळली होती, कारण तिथे मामा झोपलेले असायचे. मामा म्हणजे गादीवाल्याचे सख्खे मामा, या थिएटरचे शेवटचे ऑपरेटर. मशीन जाऊन किती वर्षं झाली, तरी जेवण झालं की ते वर जाऊन दार लावून घ्यायचे. "आमचे मामा अंधारात झोपायचा पगार मागतायत," असं भाचा सांगायचा.

मी दार वाजवलं. आतून आवाज आला, "ये, पण पटकन ये. आणि दार लाव."

आत मिट्ट काळोख. मी दिव्याचं बटण चाचपडायला लागले.

"हात लावू नकोस पोरी. बस जरा. बाकावर बस."

"मामा, मला फक्त चार भिंती मोजायच्या—"

"भिंती कुठे पळून जातायत? रडलीस ना? नाकातून आवाज येतोय. बस. गप्प बसलं की बरं वाटतं."

मी बसले. काही दिसत नव्हतं. खिडकीला ठोकलेल्या पत्र्यात खिळ्याच्या भोकाएवढा उजेडाचा एक ठिपका, बाकी काळं. मी नाक पुसलं. जरा वेळ गेला... आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीवर काहीतरी हललं.

आधी नुसते रंग. फिकट निळा खाली, राखाडी वर. मग निळ्यात हिरवं सळसळलं आणि मला झाड दिसलं. उलटं झाड! त्याच्या शेंड्याखाली, जमिनीलगत, आकाश पसरलेलं. समोरच्या घरांच्या गॅलऱ्या उलट्या, दोरीवरचे कपडे वरच्या बाजूला लोंबतायत. आणि सगळ्यात वर, छताजवळ, रस्ता. त्यावरून एक सायकलवाला चाकं वर करून निवांत चालला होता. एक बाई पिशवी घेऊन गेली. तिची साडी लाल होती, खरी लाल, वाऱ्याने फडफडत होती. कुठे आवाज नाही, मशीन नाही, फिल्म नाही. आख्खा जिवंत रस्ता त्या खिळ्याच्या भोकातून आत येऊन भिंतीवर पसरला होता.

शाळेत हे शिकले होते मी. अंधारी खोली, बारीक छिद्र, उलटी प्रतिमा. आकृती काढून मार्कही घेतले होते. पण त्या आकृतीत मेणबत्ती होती. इथे दुपार होती!

"मशीन नेलं ना, त्या दिवशी इथे दार लावून बसलो होतो," मामा हळूच म्हणाले. "रडत होतो, खोटं कशाला सांगू. डोळे पुसले आणि बघतो तर भिंतीवर माणसं चालतायत. म्हटलं, झालं, डोकं फिरलं आपलं! उठून त्या भोकावर बोट ठेवलं तर सगळं गेलं. बोट काढलं तर आलं. तेव्हापासून रोज दुपारचा खेळ चुकवत नाही."

"आणि कुणाला सांगितलं नाहीत? भाच्यालाही?"

"त्याला दिसेल का? हे दिसायला गप्प बसावं लागतं. तो आत आला की आधी दिवा लावतो, मग तोंड उघडतो."

मला हसू आलं. मग एकदम आठवलं की इथे काय होणार आहे ते. खालच्या मजल्यावर शोरूम, आणि रस्त्याच्या बाजूला वरपासून खालपर्यंत काच. रेघ न रेघ माझ्याच हातची असणार होती.

"मामा... इथे काच बसणार आहे."

"माहीत आहे. उजेड येईल छान." ते भिंतीकडेच बघत होते. "चित्र जाईल. जाऊ दे. खेळ संपल्याशिवाय लोक घरी कसे जाणार? ... ते सोड, ते बघ. तुझ्या स्कूटरचा प्रवेश आला."

माझी स्कूटर समोरच्या फुटपाथला उन्हात लावलेली होती. भिंतीवर ती छताजवळ उलटी टांगली होती. आणि रस्ता ओलांडून, पाय वर डोकं खाली, गादीवाला तिच्याकडे येत होता.

तो स्कूटरपुढे उभा राहिला. इकडेतिकडे बघितलं. शर्ट नीट केला. मग तिच्याशी बोलायला लागला! एक हात छातीवर ठेवला... बोलला... थांबला, मान हलवली, कपाळावर हात मारला. दोन पावलं मागे गेला, पुन्हा पुढे आला, पुन्हा सुरुवात. हात जोडले. मग सीटवर पडलेली पानं झाडली, खिशातला रुमाल काढून ती सीट पुसली, आणि रिकाम्या सीटवर हात ठेवून नुसताच उभा राहिला. चेहरा एवढासा दिसत होता, तोही उलटा. पण त्यावर थट्टा नव्हती. मला तो चेहरा माहीतच नव्हता.

"हे... काय करतोय तो?"

"तालीम. रोज करतो. तू आत मोजत असतेस, हा बाहेर स्कूटरला सांगत असतो. संवाद ऐकू येत नाहीत, पण गोष्ट कळते. आज जरा जास्तच भिजलाय घामाने."

रोज! मी तोंडावर हात दाबून बसले. पाणी पुन्हा वाहायला लागलं होतं, पण आता वेगळं. इतके दिवस ज्या एका वाक्यासाठी मी कान टवकारत होते, ते माझ्या डोक्यावरच्या या खोलीत रोज भिंतीवर येऊन जात होतं.

मी खाली धावले. तो दारातून आत येत होता.

"माझ्या स्कूटरला काय सांगत होता?"

त्याचा चेहरा पांढराफटक. "तुम्ही... खिडकीला तर पत्रा आहे! कुठून बघितलंत?"

"काय सांगत होता?"

"हवा कमी आहे म्हणत होतो. मागच्या चाकात—" आणि माझ्याकडे बघून तो गप्प झाला.

"वर चला," मी म्हणाले. "आणि दिवा लावायचा नाही. बोलायचंही नाही."

मामा आमची वाट बघत दारातच उभे होते. "मी जरा पाय मोकळे करून येतो," म्हणाले आणि जिना उतरले. आम्ही अंधारात बाकावर बसलो. तो एकदा खाकरला, मी "श्श" केलं. मग मात्र तो बसला. त्याचा श्वास आधी जोरात चालला होता, हळूहळू शांत झाला. आणि मग एकदम थांबला. त्याला दिसायला लागलं होतं.

"बाप रे..." एवढंच. अगदी लहान मुलासारखं.

झाड, आकाश, लोंबणारे कपडे. त्याने माझ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, पत्र्यातल्या भोकाकडे बघितलं. तेवढ्यात छताजवळच्या रस्त्यावर मामा आले. सावकाश रस्ता ओलांडला. माझ्या स्कूटरपुढे उभे राहिले, शर्ट नीट केला, एक हात छातीवर ठेवला. थांबले, मान हलवली, कपाळावर हात मारला. दोन पावलं मागे, पुन्हा पुढे. हात जोडले. रुमाल काढून सीट पुसली. एक माणूस पिशवी घेऊन चालला होता, तो उलटाच उभा राहून मामांकडे बघायला लागला.

मला वाटलं, आता गादीवाला हसेल आणि सगळं हसण्यावारी जाईल. तो हसला नाही. अंधारात त्याचा हात माझ्या हाताजवळ आला आणि थांबला.

"सगळं दिसलं तुम्हाला?"

"सगळं. आवाज नव्हता."

भिंतीवर वारा सुटला होता. झाड सळसळत होतं, निळ्यात बुडत होतं.

"मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. समोर आलात की भीती वाटते, मग तोंडाला येईल ते बोलतो. जाऊ नका असं नाही म्हणणार मी. काम मोठं आहे, तुम्ही जा. पण... चालणार असेल तर मीही येईन. गाद्या तिकडेही लागतच असतील."

मी त्याच्याकडे वळले. "हाही विनोदच का?"

"नाही," तो म्हणाला.

मी त्याचा थांबलेला हात हातात घेतला.

"मग ये," मी म्हणाले.