कच्चा टाका

मस्कतमधल्या मत्रहच्या बाजारात दुपारी चारला दुकानांची शटर्स नुकती वर जात होती. बाबा गाडीला जागा शोधत राहिले आणि पूर्वा त्यांचा तपकिरी लोकरी कोट हातावर टाकून हुसैनमियाँ शिंप्याच्या दुकानात शिरली. काम साधं होतं. त्या दिवशी सकाळी नववीच्या वर्गाने हिटलरच्या राजवटीवर नाटुकलं केलं होतं. पूर्वा त्यात ज्यू बाई झाली होती. एकही वाक्य नव्हतं, म्हणूनच तिने ते काम घेतलं होतं. आता कोटावरचा पिवळा तारा काढायचा होता, आणि तो निघत नव्हता.

तालमीच्या वेळी रेखा मॅडमनी नियम सांगितला होता. सहा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक ज्यूने छातीवर डावीकडे तारा शिवायचा, आणि घट्ट शिवायचा. सैल दिसला तर शिक्षा.

"आणि मग?" कोणीतरी विचारलं.

"मग आगगाड्यांत कोंबून नेलं. लहान मुलांनासुद्धा. बहुतेक जण परत आले नाहीत."

तेवढ्यात हिटलर झालेला कौशिक खोटी मिशी चिकटवून ओरडला, "यल्ला, चला, हाकला सगळ्यांना!" वर्ग हसला. पूर्वाही हसली.

हुसैनमियाँनी कोट उलटा केला आणि चष्मा नाकावर घेतला.

"मी कच्चा टाका घातलेला, बाय. पिवळ्या दोऱ्याने. एका झटक्यात निघेल असा."

आत काळ्या दोऱ्याचे बारीक टाके होते, मुंग्यांच्या रांगेसारखे एकाला एक चिकटून.

"हे माझे नव्हेत. आईने घातले?"

"आईला बटणसुद्धा लावता येत नाही, चाचा."

ते हसले नाहीत. नख खाली जातंय का ते त्यांनी पाहिलं. गेलं नाही.

"हौसेने असं कोणी शिवत नाही... घाबरलेलं माणूस शिवतं."

शेजारच्या दुकानातून ऊद जळत असल्याचा वास रोज येई. त्या दिवशी मात्र भिजलेल्या लोकरीचा आणि दगडी कोळशाच्या धुराचा वास येत होता. कोट मस्कतमध्ये कधीच भिजला नव्हता.

पातं चालवून तारा सुटायला अर्धा तास लागला. त्याखाली कापड गडद होतं, सहा टोकांचं. भोवतीचा कोट विटून गेला होता, जणू वर्षानुवर्षं कोणी तो ताऱ्यासकट उन्हात घालून फिरलं होतं. तारा लागून मात्र पुरते दोन दिवसही झाले नव्हते.

"हा घरी नेऊ नकोस," हुसैनमियाँ हळूच म्हणाले. पूर्वाने कोट तिथेच ठेवला.

शनिवारी कपड्यांच्या घड्या घालताना आई वैतागली. "अगं, तुझ्या गणवेशाला ही भोकं कसली? यांच्या शर्टांनाही. माझ्या कुडत्यांनाही! मशीन खलास झालंय, दुसरं काय!"

सगळी भोकं डावीकडे होती, सुईच्या टोकाएवढी. पूर्वाने बोटाने ती जोडत नेली. सहा कोपरे झाले.

धाकट्या बहिणीचे, आकांक्षाचे फ्रॉक तेवढे कोरे होते. आई म्हणाली, नशीब. आकांक्षाला मंगळवारी सहा वर्षं पूर्ण होणार होती.

वाढदिवसाचा पांढरा फ्रॉक पूर्वाने कपाटात कुलूपबंद केला. किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली. तीन दिवस ती साखळी तिने आंघोळीलाही काढली नाही.

मंगळवारी सकाळी आकांक्षा दारात नाचत होती. "ताई, पटकन ना! केक कापायचाय!"

पूर्वाने कुलूप काढलं आणि फ्रॉक खिडकीपाशी उजेडात धरला. एकही भोक नव्हतं. तिने सोडलेला श्वास तिचा तिलाच ऐकू आला.

"दे ना गं..."

"थांब."

तिने डाव्या बाजूवरून तळवा फिरवला. झालरीच्या आड काहीतरी टोचलं. तिथे एक सुई खोचून ठेवलेली होती. नेढ्यात काळा दोरा होता, खाली गाठ मारलेली. दोऱ्याचं दुसरं टोक अजून ओलं होतं, नुकतंच कोणीतरी ओठांत धरून ओवल्यासारखं.