डाव्या चाकाचा ब्रेक

आधी मला दिसले ते त्याचे बूट. चाकं काढलेल्या एका निळ्या गाडीच्या पलीकडून बाहेर आलेले, आणि पाठोपाठ एक बेसूर शिट्टी. माझं डोकंच फिरलं. तीन भंगारवाडे पालथे घातल्यावर माझ्या मॉडेलची ही एकुलती एक गाडी सापडली होती आणि इथे कुणीतरी पाना घेऊन आधीच आडवा झालेला!

"अहो, उठा," मी म्हटलं. "ही गाडी माझी आहे."

शिट्टी थांबली. "मग इतके दिवस अशी उघड्यावर का ठेवलीत?" गाडीखालून आवाज आला.

तो बाहेर आला. केसांत लाकडाचा भुसा, कानामागे चपटी पेन्सिल. सुतार. मी नर्स आहे, माणूस दिसला की आधी हात बघते. उजव्या अंगठ्यावर जुना व्रण होता, घाईत शिवलेला. टाके कुणी का घातले असेनात, मला ते अजिबात आवडले नाहीत. बाकी हात... बरे होते.

"तुम्हाला हिचं काय हवंय?" त्याने विचारलं.

"पुढच्या ब्रेकचा कॅलिपर. डावीकडचा."

तो हसायला लागला. "म्हणजे ब्रेक दाबला की तुमची गाडी उजवीकडे ओढते."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मला उजवीकडचा हवाय. माझी डावीकडे ओढते." त्याने दोन्ही तळहात समोरासमोर धरून एकमेकांवर आपटले. "आपण समोरासमोर आलो आणि दोघांनी ब्रेक दाबला, तर टक्कर ठरलेली."

"मी बाजूला होईन."

"तुम्ही? वाटत नाही."

कॅलिपर म्हणजे चाकामागची तबकडी चिमटीत धरून गाडी थांबवणारा लोखंडी तुकडा. माझा डावीकडचा गंजून जाम झाला होता. नवा मागवायचा तर किंमत ऐकूनच घाम फुटला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. म्हणून भंगारवाडा. इथे मालकीणबाईंचा एकच नियम होता, पाटीवर रंगवलेला: ज्याचा पाना, त्याचा माल. स्वतः खोलून न्या, स्वस्तात मिळेल.

आणि मला तो कॅलिपर न्यायचाच होता. डोंगरापलीकडच्या चार गावांसाठी एक फिरती नर्स हवी होती, अट एकच: स्वतःची गाडी. ती जागा मला मिळाली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं. माझी गाडी माझ्याहून चार वर्षांनी मोठी, पण माझ्या पगारातून घेतलेली. दादा तिला डबडं म्हणायचा. "या डबड्यातून, एकटी, डोंगरात? मी असेपर्यंत नाही," असं त्याने जाहीर केलं होतं. शेवटी ठरलं ते असं: शुक्रवारी गाडीची सरकारी तपासणी. पास झाली तर मी जाणार. नापास झाली तर गाडी मोडीत, आणि मी दादाच्या मित्राच्या दवाखान्यात केसपेपर लिहीत बसणार. जन्मभर. मी हो म्हटलं, कारण मला माझ्या हातांवर भरवसा होता.

तो भरवसा आज मात्र डळमळत होता. एक बोल्ट सुटेना. मी पाना लावून लोंबकळले, लाथ मारली, त्याच्या खानदानाचा उद्धार केला. बोल्ट ढिम्म.

पलीकडून सुतारबुवा बघत होते. मी डोळे वटारले. "मदत नकोय मला."

"करतोय कोण? मी येऊन सोडवला तर नियमाने तो माझा होईल." त्याने बॉनेटवरून एक लांब लोखंडी पाइप सरकवला. "हा पान्याच्या दांड्यावर चढवा. आणि टोकाला धरा, जोर आपोआप येईल."

मी टोकाला धरलं. कर्रर्र... बोल्ट फिरला! मी आनंदाने ओरडले, आणि तो पलीकडे असा हसला की जणू त्याचाच सुटला. मला ते आवडलं. स्वतः येऊन सोडवला असता तर नसतं आवडलं.

मालकीणबाईंनी रॉकेलचं घमेलं पुढे केलं. घमेलं एकच, म्हणून आम्ही समोरासमोर बसून आपापला कॅलिपर घासत राहिलो.

"नर्सबाई, गालावर ग्रीस लागलंय." त्याने रुमाल पुढे केला. "उजव्या."

मी पुसलं.

"तो नाही... माझ्या उजव्या. म्हणजे तुमच्या डाव्या. समोरासमोर बसलं की सगळं उलटंच होतं."

मी दुसरा गाल पुसला. तो बघत राहिला, मी बघू दिलं. मालकीणबाईंनी वजनकाटा वाजवला. "माल उचला आणि वाट धरा. नजरेचं वजन होत नाही इथे."

आम्ही दोघंही लाल होऊन उठलो. हाताला आला तो तुकडा पिशवीत टाकला.

"फोन नंबर?" दारापाशी त्याने विचारलं.

"ब्रेक लागले तर सांगेन."

"नंबर न देता कसं सांगणार?"

"तेच तर," म्हणून मी ताठ मानेने निघाले. असला मूर्खपणा मी आयुष्यात कमीच केला आहे.

मंगळवारी मी कॅलिपर बसवला आणि ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा काढायला घेतली. वहिनी स्टिअरिंगमागे बसली. मी म्हणायचं "दाब", तिने पॅडल दाबायचं. मी छोटा स्क्रू ढिला करायचा, हवा फसफसत बाहेर यायची. ब्रेक ऑइलचा अख्खा डबा संपला, तरी पॅडल भिजल्या स्पंजासारखं खाली जात होतं.

"काय गं," वहिनी म्हणाली, "हा स्क्रू खाली का आहे? त्या चाकाचा तर वर आहे."

मी थिजले. हवा नेहमी वर चढते. स्क्रू खाली असेल तर वरची हवा बाहेर यायची कशी? डाव्या चाकावर मी उजवा कॅलिपर बसवला होता. आणि डावा त्याच्याकडे होता, ज्याचं मला नाव ठाऊक नव्हतं, पत्ता ठाऊक नव्हता, फक्त अंगठा ठाऊक होता.

"कोण होता?" वहिनीने बारीक डोळे करून विचारलं.

"कुणी नाही."

"मग एवढी लाल कशाला होतेस?"

बुधवारी सकाळी भंगारवाड्यात पोचले, तर बारीक पाऊस भुरभुरत होता आणि पत्र्याखाली, एका उखडलेल्या सीटवर तो बसला होता. मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेला माझा कॅलिपर.

"कालपासून बसलाय," मालकीणबाई म्हणाल्या. "एक खुर्ची दुरुस्त केली, दाराची कडी बसवली. याला घेऊन तरी जा, नाहीतर इथेच कामाला ठेवते."

पण माझा जीव टांगणीला लागला होता. "मुद्दाम बदललात?" मी तडकले. "माझी नोकरी अडकलीय यात! परत भेटायचं निमित्त म्हणून—"

त्याचं हसू मावळलं. "नर्सबाई, मी चेष्टा खूप करतो. ब्रेकची करत नाही." मग हळूच म्हणाला, "निमित्त हवं होतं, हे खरं. पण ते मी रंधा मारता मारता शोधत होतो. हे आपोआप झालं."

माझा राग कुठे गेला, कळलंच नाही. मी पिशवी पुढे केली. त्याने माझा दिला, मी त्याचा दिला, आणि बोटं जरा जास्तच वेळ तिथे राहिली.

"मी येऊन बसवून देऊ?"

"नको."

"बरं. मग नुसतं पॅडल दाबायला?"

मी विचार केल्यासारखं दाखवलं. "...ये."

'या'चं 'ये' झालेलं त्याने ऐकलं. लगेच शिट्टी सुरू झाली. अजूनही बेसूरच.

संध्याकाळी दादा कामावरून आला तेव्हा मी चाकाशी आडवी होते आणि माझ्या गाडीत एक परका माणूस इमानेइतबारे पाय खालीवर करत होता.

"हा कोण?" दादा गरजला.

"पॅडल," वहिनी म्हणाली आणि आत निघून गेली.

शुक्रवारी तपासनिसाने गाडी वेगात नेली आणि करकचून ब्रेक दाबला. मी डोळे मिटले नाहीत. का मिटू? माझ्या हातांनी बसवलेले ब्रेक होते ते. गाडी जागच्या जागी थांबली, रेघेसारखी सरळ. शिक्का पडला.

दादाचा चेहरा पडला, पण हार मानेल तर तो दादा कसला! "ठीक आहे. पास तर पास. पण सोमवारी मी सोडायला येणार. आणि महिनाभरात बदली मागायची."

पलीकडच्या रांगेत सुतार त्याच्या गाडीला टेकून उभा होता. त्याचीही तपासणी आजच होती. त्याला ऐकू जाईल, हे मला माहीत होतं.

"दादा, तीन गोष्टी एकदमच सांगते, म्हणजे तुझं डोकं एकदाच फिरेल. नोकरी मी सोडणार नाही. सोमवारी एकटीच जाणार. आणि तो तिथे उभा आहे ना, भुसा लागलेला... तो मला आवडतो."

पलीकडे कानामागची पेन्सिल जमिनीवर पडली. दादाने वहिनीकडे पाहिलं.

"तिसरी मला मंगळवारपासून ठाऊक आहे," वहिनी म्हणाली. "आणि माझीही एक आहे. मला गाडी शिकायचीय."

दादा मटकन कठड्यावर बसला.

सुतार माझ्याजवळ आला. पेन्सिल उचलायची विसरला होता. "सोमवारी मी येऊ सोडायला?"

"तूसुद्धा नाही. रविवारी ये, भेटायला."

"येतो. आता समोरासमोर आलो तरी टक्कर व्हायची नाही."

"नाही."

"अरेरे," तो म्हणाला.

सोमवारी मी एकटी गेले. आठवडाभर ती गाडी डोंगरात चढली-उतरली. दोन बाळंतपणं, एक मोडलेला पाय, आणि एक आजी, जिला नुसतं बोलायचं होतं.

रविवारी तो मला गावाबाहेरच्या अरुंद रस्त्यावरच भेटला. वळणावरून त्याची गाडी आली, समोरून माझी. दोघांनी एकदम ब्रेक दाबला. दोन्ही गाड्या सरळ थांबल्या, मध्ये वीतभर जागा.

त्याने काच खाली केली. "मागे घे."

"तू घे."

"मी भंगारवाड्यातच म्हटलं होतं, तू बाजूला होणारी नाहीस." हसता हसता तो गंभीर झाला. "होऊ नकोस. कधीच. मला तू अशीच आवडतेस."

मी इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला आणि दार उघडलं. त्यानेही उघडलं. गाड्या तिथेच राहिल्या. मागून एक ट्रॅक्टर येऊन भोंगा वाजवू लागला, तरी बराच वेळ आम्ही कुणीच मागे घेतली नाही.