दोरीचं दुसरं टोक

हसू नका रे. आयुष्यभर थापा मारल्या, कबूल. ही थाप नाही. ए, दाराकडे पाठ करून बसलायस, जरा इकडे सरक... दचकला बघा! बस, बस. काही नाही तिथे.

तर माझा मेहुणा. वेल्डर. मार्चातला गुरुवार, रात्रीचे आठ वाजून दहा मिनिटं. आम्ही पाण्याखाली श्वास घ्यायच्या हवेच्या टाक्या दुकानात परत द्यायला निघालेलो. बघतो तर शटर खाली. त्याच सकाळी मी त्याला पहिल्यांदा बुडी मारायला शिकवलं होतं. टाक्यांत निम्मी हवा शिल्लक. म्हटलं, "भाड्याची हवा फुकट कशाला घालवायची? चल, बुडालेलं जहाज दाखवतो."

"आत्ता? दाजी, मला ते बदकाचे पाय घालून धड चालताही येत नाही."

"मी आहे ना!"

किनाऱ्यापासून शंभर पावलं. दोन पुरुष खोल पाणी. रेती वाहणारं जुनं जहाज, कुशीवर पडलेलं. आम्ही एकाच दोरीच्या दोन टोकांना फास केले, दोघांच्या मनगटांत अडकवले. एक झटका म्हणजे 'आहेस का?' उलट एक, 'आहे'. दोन झटके म्हणजे 'बाहेर काढ'.

"आणि दोरी सोडायची नाही," हे मीच बजावलं. मीच.

त्याला जहाजाच्या पोटातले सांधे बघायचे होते. वेल्डिंग कुणी केलंय म्हणे! गेला आत. मी दाराशी.

आणि मला हुक्की आली. फास मनगटातून काढला. दिला सोडून. म्हटलं, जरा तंतरू दे.

वर आलो. एकटाच हसत होतो.

एक मिनिट. दोन. खाली त्याच्या बॅटरीचा उजेड दिसत होता...

विझला.

मी परत खाली. सगळा गाळ उठलेला. स्वतःचा हात दिसेना. दोरी चाचपली... नाही. दारच सापडेना. वर आलो. हाका मारल्या. बायकोला काय तोंड दाखवू...

तेवढ्यात किनाऱ्याकडून त्याचा आवाज.

"वाचवलंत, दाजी! बॅटरी गेली. एक झटका दिला, तुमचा एक आला. दोन दिले, तर काय ओढलंत हो!"

पोहत जवळ गेलो. गुडघाभर पाण्यात उभा. माझ्याकडे पाठ. समोरच्या काळोख्या वाळूशी बोलत होता.

वाळूवर कुणी नव्हतं.

"अरे... मी इकडे."

तो वळला. माझ्या तोंडाकडे नाही, मनगटाकडे बघितलं.

"कधी सोडली?"

मी मनगट पाठीमागे नेलं.

"दाजी, कधी सोडली?"

"तू आत शिरलास... तेव्हाच."

दोरी सोडवून माझ्या पायाशी टाकली, आणि गेला.

बारा वर्षं झाली. येतो, बहिणीशी बोलतो, पाणी पितो. मला दाजी म्हणत नाही.

ही ती दोरी. हे माझं टोक. गाठ माझीच, न सरकणारी. या जाडजूड मनगटातून सैल निघाला होता फास.

आता घाला हात. घाला की!

तुमच्यातल्या धाकट्याचाही जाणार नाही.