बर्फानं सोडलेली जागा

हिमनदीच्या पायथ्याशी मी पालथी पडले होते, नाक जवळजवळ जमिनीला लावून. तेवढ्यात डोक्यावरून आवाज आला.

"एजे, जिवंत आहात ना?"

मान वर केली, तर आधी घोडा दिसला, मग घोड्यावरचा तरुण. डोक्याला दाबलेल्या लोकरीची, पांढऱ्या नमद्याची टोपी आणि चेहऱ्यावर खरीखुरी काळजी.

"जिवंत आहे. आणि एजे काय? ताई म्हणण्याइतकी थोराड दिसते का मी?"

"पाठीवरून वय कळत नाही हो... आता समोरून... नाही दिसत."

एवढं बोलून तो स्वतःच लाजला आणि उगाच घोड्याची आयाळ सारखी करत बसला. नाव कुबात. खालच्या कुरणावर त्याचा आणि त्याच्या आईचा तंबू होता. मेंढ्या घेऊन ते दर उन्हाळ्यात वर येत. मी बेगिमाय, खालच्या काराकोल शहरातली. झाडंझुडपं बघणं हे माझं काम.

"काही हरवलंय का?"

"नाही. हे बघतेय." मी बोट दाखवलं. खडीत मसुरीएवढी दोन हिरवी पानं होती.

"एवढंसं?" तो घोड्यावरून उतरून माझ्या शेजारी उकिडवा बसला.

"एवढंसंच! मागच्या उन्हाळ्यात इथे बर्फ होता. तो मागे सरकला की उरते नुसती खडी. मग न बोलावता एकेक जण येतो. आधी शेवाळ, मग ही बुटकी मंडळी, मग शेंगांची झुडपं. ती माती सकस करतात, म्हणून मागून गवत येतं. आणि सगळ्यात शेवटी तुझा घोडा बांधायला जुनिपरचं झाड."

"शेवटी म्हणजे... पुढच्या वर्षी?"

"माझे केस पांढरे होतील तेव्हा."

तो जोरात हसला. मग माझ्या केसांकडे बघत राहिला, जरा जास्तच वेळ.

उतारावर मी दोऱ्या लावून चौकोन आखले होते. जुने खाली, सगळ्यात नवा अगदी बर्फाला लागून. तिथे पहिल्या पानापासून नजर ठेवायची, हेच माझं खरं काम. ते नीट झालं तरच आमची संस्था पुढच्या उन्हाळ्यात मला परत पाठवणार होती. नियम एकच — चौकोनाला हात लावायचा नाही.

कुबात रोज यायला लागला. खिशातून कुरुत काढायचा, दह्याचे ते खारट वाळके गोळे, आणि शर्टाला पुसून मला द्यायचा.

"मेंढ्या कोण राखतंय?" मी विचारायची.

"मेंढ्या शहाण्या आहेत. तू एकटी बसतेस खडीत."

एजे कधी गळलं, तू कधी आलं, मला कळलंसुद्धा नाही. खोटं कशाला बोलू... कळलं होतं.

मग बहिणीच्या लग्नासाठी मी दोन आठवडे खाली गेले. परत आले तर नवा चौकोन काळाभोर! वाळलेल्या लेंड्यांचा चुरा सारखा पसरलेला, आणि त्यातून ओळीनं कोंब वर आलेले. आमच्याकडे गावागावात गुरांसाठी पेरतात तोच चारा. शेजारी पाण्याची बादली, आणि बादलीशेजारी कुबात, अगदी खुशीत.

"बघ! दोन पानांसाठी एवढी हरखतेस. म्हटलं, पोट भरून हिरवं दिसू दे तुला!"

"कुबात... काय केलंस हे!"

"का? उपटून टाकू?"

"आता उपटून काय होणार! खत मुरलं ना आत! एकच गोष्ट सांगितली होती, हात लावायचा नाही. जे यायचं ते आपणहून यायला हवं इथे. तू कोण पेरणारा?"

त्याचं हसू मावळलं. बादली उचलून तो म्हणाला, "चुकलं माझं, एजे."

ते एजे मला चांगलंच झोंबलं. पण मी रागात होते.

नशीब, तेवढ्या दिवसांत बर्फ आणखी थोडा मागे गेला होता. मी तिथे नवा चौकोन आखला. दुसऱ्या दिवशी बघते तर चौकोनाच्या बरंच खाली दगडांचा बांध रचलेला, मेंढ्या वर येऊ नयेत म्हणून. बांधापलीकडे कुबात बसलेला. मी हात हलवला. त्यानं टोपी हलवली... आणि तिथेच बसून राहिला.

ऑगस्ट असाच गेला. बांधावरच्या दगडावर रोज कुरुत ठेवलेलं असायचं, तो मात्र लांब. राग माझा केव्हाच ओसरला होता. सकाळी माझ्या तंबूबाहेर आले की मी चौकोनाआधी त्याचा घोडा शोधायची. प्रेमात पडले होते, दुसरं काय!

सप्टेंबरमध्ये बर्फ भुरभुरला. खाली बघितलं तर त्यांच्या तंबूवरचा नमदा उतरवलेला, नुसता सांगाडा उभा. निघाले की हे! मी धावत सुटले.

त्याची आई, शायिर आपा, सामान बांधत होती. मला बघताच तिनं कमरेवर हात ठेवले.

"आलीस बाई एकदाची! ह्याला रोज सांगते, जा, बोल तिच्याशी. तर म्हणतो, आई, तिथला नियम आहे. हात लावायचा नाही. जे यायचं ते आपणहून येऊ दे. उन्हाळाभर धोंड्यासारखा बसलाय मेला!"

मला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. कुबात दोरी धरून उभा होता, कानापर्यंत लाल.

"एजे, ते... आई उगाच..."

"अरे शहाण्या, तो नियम चौकोनाचा होता," मी म्हणाले. "माझा नव्हता."

त्याच्या हातातली दोरी सुटली. अर्धा सांगाडा एका बाजूला कलला.

"मग तुझा काय नियम आहे?" त्यानं हळूच विचारलं.

"पहिला, मला एजे म्हणायचं नाही."

"आणि दुसरा?"

दुसरा मी सांगितला नाही. सरळ त्याचा हात धरला.

"पुढच्या उन्हाळ्यात येशील, बेगिमाय?"

"संस्थेनं पाठवलं तरी आणि नाही पाठवलं तरी. तिथे जुनिपर उगवेपर्यंत येणार आहे मी."

तो माझ्या केसांकडे बघून म्हणाला, "म्हणजे... हे पांढरे होईपर्यंत."

"हो."

"ते होतील तेव्हा होतील," आपा मागून ओरडली, "आधी दोघं मिळून ती दोरी धरा!"