‘एम्बॅटल्ड’ फर्गस

“तो ‘एम्बॅटल्ड’ कुणी छापला?”

दारात उंच माणूस. ओले केस, कोटाला क्लोरीनचा वास, हातात आमचं साप्ताहिक. मी हळूच हात वर केला. उत्तर इंग्लंडात, नॉर्थम्बरलंडमधल्या त्या छोट्या गावात मथळे मीच करायचे.

“मी फर्गस टेनंट, पोहण्याच्या तलावाचा मॅनेजर. कुणी वेढा घातलाय मला, बाई? तोफा कुठायत?”

शब्द मूळचा रणांगणावरचा — शत्रूने चहूबाजूंनी घेरलेला. पण आमच्या धंद्यात कुणाविरुद्ध दोन-चार तक्रारी आल्या, की तो नावाआधी चिकटवायचा. थेट आरोपही होत नाही, मथळ्याची ओळही भरते. मग पुढचा बातमीदार जुनं कात्रण बघतो आणि तोच शब्द उचलतो...

“पाणी गार असतं म्हणून तीन पत्रं आली होती,” मी पुटपुटले.

“त्यातली दोन माझ्या मावशीची! तिला जुलैतही हुडहुडी भरते.”

मला हसू फुटलं. त्यालाही — पण लगेच मावळलं. “मी शिकवतो त्या शनिवारच्या वर्गात बारा मुलं होती. आता पाच. आठ नसली तर नगरपालिका वर्ग बंद करणार. आया विचारतात, ‘नक्की केलंय तरी काय याने?’”

माझे कान तापले. अंक घरी चाळताना, स्वतःच चिकटवलेल्या शब्दाला भिऊन, मीच फोन करून माझ्या मुलीचं, टिलीचं, त्या वर्गात नुकतंच नोंदवलेलं नाव काढून घेतलं होतं.

“दुरुस्ती छापते.”

“दुसऱ्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत? कोण वाचतं ती?”

“टिली... माझी मुलगी आहे,” मी एका दमात सांगून टाकलं. “माझाच मथळा वाचून घाबरले मी.”

“म्हणजे स्वतःच रांधलंत आणि स्वतःच ताटावरून उठलात?”

त्या आठवड्यात मी टिलीच्या मैत्रिणींच्या आयांना फोन केले. शब्द माझा, चूक माझी. शनिवारी टिलीसोबत आणखी दोघी आल्या. बरोब्बर आठ!

मी काठावर टॉवेल आवळून उभी. पाण्यात टिलीच्या पोटाखाली फर्गसचा तळवा... मग तो अलगद बाजूला झाला.

“श्वास घ्यायचा,” फर्गस म्हणाला.

“घेतेय ना ती!”

“तिला नाही. तुम्हाला सांगतोय, रोवेना.”

दर शनिवारी मी टॉवेल थोडा सैल धरायला शिकले. नवव्या शनिवारी टिलीने तलाव आडवा पार केला. फर्गस पोहत माझ्यापाशी आला.

“आता मोठ्या वर्गात जाईल ती. तिथे आया थांबत नाहीत.”

“म्हणजे... मी यायचं नाही?”

“म्हणजे मला काहीतरी निमित्त शोधावं लागेल. चहाचं, फिरण्याचं... सुचत नाहीये, रोवेना. नऊ आठवडे झाले, तू आलीस की मला मुलं मोजतासुद्धा येत नाहीत.”

“बापरे! हे तर छापायलाच हवं.”

“थट्टा नको ना...”

काठ धरलेली त्याची बोटं गारठलेली होती. मावशीचं खरंच होतं की! मी वाकले आणि त्यांवर माझा हात ठेवला. समोरच्या बाकावरच्या सगळ्या आया टक लावून बघत होत्या.

बघू देत. मी हात काढला नाही.