फाटकाचं पान

त्या गुरुवारी मी ग्रंथालय नेहमीपेक्षा तासभर आधी उघडलं, ते टॉवेल भिजवायला. आमचं कुरिंगा हे दक्षिण ऑस्ट्रेलियातलं गव्हाचं गाव. कापणी उरकली की शेतं उघडी पडतात, आणि उत्तरेचा वारा सुटला की तीच शेतं उठून घरात येतात. दाराखाली आणि खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबले नाहीत, तर पुस्तकांवर बोटभर लाल माती बसते. सकाळपासून आभाळाची उत्तरेकडची कड तपकिरी दिसत होती. मी बादली भरली, टॉवेल पिळले आणि गुडघ्यांवर बसून एकेक फट बुजवू लागले.

खरं म्हणजे माझं लक्ष मातीकडे नव्हतं. सोमवारी हेडीचं पत्र आलं होतं. हेडी माझी धाकटी बहीण. अकरा वर्षांतलं तिचं हे पहिलंच पत्र. 'डॉक्टर म्हणतात, इस्टरपर्यंत. इल्साचं पुस्तक एकदा बघायचं आहे. गुरुवारच्या बसने येते.' एवढंच.

इल्सा ही हेडीची मुलगी. पाच वर्षांची झाली तरी एक शब्द बोलली नव्हती. कान चांगले होते, डोकं तर आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं होतं, पण तोंडातून शब्द नाही. मी एकदा तिच्यासाठी अक्षरांचं पुस्तक नेलं, तर हेडी म्हणाली, "जिला शब्द नाहीत तिला हे कशाला गं?" आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तिने जाड कागदाची सोळा पानं चितारली, सुई-दोऱ्याने शिवली. त्यात एक अक्षर नव्हतं. त्यांचंच घर होतं, त्यांच्या कोंबड्या, वाळत घातलेले कपडे, आम्ही मिरीचं म्हणतो ते डेरेदार झाड, अंगणाचं फाटक, आणि फाटकापलीकडे मेंढ्यांसाठी खणलेलं शेततळं, त्यात चार बदकं. इल्सा बोट फिरवत ते तासन्‌तास वाचायची. हो, वाचायचीच. मला दुसरा शब्द सुचत नाही.

त्याच शेततळ्यात ती बुडून गेली. त्या दिवशी हेडी तिला माझ्यावर सोपवून मोटार घेऊन शहरात गेली होती, आणि तिचा नवरा क्लेम लांबच्या शेतावर होता. आमच्याकडे पोर चालायला लागायच्या आधी एक नियम शिकतं, फाटक जसं सापडलं तसं ठेवायचं. बंद सापडलं तर बंद, उघडं सापडलं तर उघडं. हा नियम मोडणाऱ्याला गावात कुणी माफ करत नाही, कारण एका उघड्या फाटकाने मेंढ्यांचा अख्खा कळप जातो. इथे तर लेकरू गेलं होतं. त्या फाटकातून शेवटी बाहेर पडली ती हेडी, असं सगळ्यांनी ठरवलं. अंत्यविधीनंतर चर्चच्या बायका ताटं झाकून घेऊन आल्या, त्या क्लेमच्या हातात ताटं देऊन गेल्या. हेडीला कुणी चहासुद्धा विचारला नाही. क्लेम तिच्याशी पुन्हा बोलला नाही. वर्षाच्या आत ती गाव सोडून गेली. वर्षभरात तिला ते पुस्तक उघडवलंच नव्हतं; जाताना तिने ते ग्रंथालयातल्या माझ्या टेबलावर चार माणसांदेखत ठेवलं. "इथे मुलं तरी बघतील," म्हणाली. चार माणसांदेखत नाही कसं म्हणणार?

आता खरं सांगते. हेडीने फाटक बंद केलं होतं. साखळीसुद्धा घातली होती. उघडलं ते मी. माझी पिवळी मोटार उन्हात तापत होती, म्हणून मी ती फाटकापलीकडे मिरीच्या झाडाच्या सावलीत नेऊन लावली. परत येताना फाटक लोटणार तोच आत फोन वाजला. म्हटलं, एक मिनिट. तो फोन ग्रंथालयाच्या समितीचा होता, ही नोकरी मला मिळाल्याचा. मी चाळीस मिनिटं बोलत होते.

संध्याकाळी ओसरीवर मला पुस्तक सापडलं. फाटकाच्या पानावर हेडीने काढलेलं बंद फाटक इल्साने मेणाच्या खडूने खोडलं होतं आणि शेजारी उघडं काढलं होतं. पलीकडे झाडाखाली पिवळी मोटार. बिचारीने फक्त समोर दिसलं ते काढलं होतं. मी ते पान ब्लेडने शिवणीलगत कापलं आणि चुलीत घातलं. उरलेली कड अशी सफाईने चिकटवली की माझं मलाच कौतुक वाटलं. शब्दांच्या पुस्तकातलं पान गेलं तर वाक्य तुटतं, आकडा चुकतो. चित्रांच्या पुस्तकात काय तुटणार? ताकास तूर लागू दिली नाही मी.

पण मुलं ते पुस्तक सोडेनात. रंगीत, चकचकीत पुस्तकं धूळ खात पडायची आणि हे हातानं शिवलेलं फिरत राहायचं. मुलांच्या आयांना कोडं पडायचं. "एक अक्षर नाही, मग वाचायचं काय, कपाळ?" त्यांतली रोझलिन मला दर वेळी विचारायची. मी म्हणायची, "तू गप्प बस, पोरगी तुला वाचून दाखवेल." आणि माझं ठरलेलं भाषण द्यायची. लिहिलेली गोष्ट एकच असते, न लिहिलेली प्रत्येक मुलाची वेगळी असते, म्हणून ही पुस्तकं मुलांना आवडतात, कारण तिथे मोठ्यांना त्यांची चूक काढता येत नाही. लोक माना डोलवायचे.

पहिल्यांदा ऐकलं ते हेडी गेल्यानंतर तीन महिन्यांनी. एका चार वर्षांच्या मुलाने कपड्यांच्या दोरीचं पान उलटलं, बदकांचं पान यायच्या आधी थांबला आणि म्हणाला, "आता पिवळी गाडी." चोराच्या मनात चांदणं, म्हणून मी स्वतःला दटावलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, दुसरं काय? पुढच्या वर्षी एका मुलीने तेच म्हटलं. त्यानंतर आणखी एकाने. मी पुस्तक वरच्या फळीवर ठेवलं, तर ते मुलांच्या खोक्यात सापडायचं. रद्दीचा शिक्का मारायला घेतलं, तर गावाने आरडाओरडा केला. इल्साची आठवण आहे ती, म्हणाले. शेवटी मी गोष्टीच्या तासाला तेवढ्या पानापाशी खोकायला शिकले.

साडेदहाला बस आली, तेव्हा मुलं आणि त्यांच्या आया गोष्टीच्या तासाला जमलेल्या होत्या. हेडी इतकी वाळली होती की आधी मी तिला ओळखलंच नाही. आयांनी मात्र ओळखलं. कुणीही उठून जागा दिली नाही. ती मागे, दाराजवळच्या स्टुलावर बसली.

"लॉर्ना, मला फक्त फाटकाचं पान बघायचंय," ती हळूच म्हणाली. "रोज सकाळी उठले की मी ते फाटक मनात बंद करते गं. साखळी घातल्याचा आवाजसुद्धा ऐकू येतो. पण मग वाटतं, आपणच आपली समजूत घालतोय. चित्र बघितलं तर कदाचित हाताला आठवेल."

"तास संपू दे. मग निवांत बघ," मी म्हणाले. तास संपला की पुस्तक सापडत नाही म्हणून सांगायचं, असं मी ठरवलं होतं. ते मी घडी केलेल्या टॉवेलांखाली कपाटात लपवलं होतं.

अकराला वादळ आलं. आधी खिडक्या नारिंगी झाल्या, मग लाल, मग तपकिरी, आणि मग भर दिवसा काही दिसेनासं झालं. वीज गेली. पत्र्यावर वाळू सरसरत होती. मी रॉकेलचा दिवा लावला. हवेला कोरड्या मातीचा वास होता, आणि त्याखाली दुसरा एक वास... ओल्या चिखलाचा. टॉवेलांचा असेल, मी मनाशी म्हटलं.

दिव्याच्या उजेडात टीगन पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. तेच पुस्तक.

टीगन साडेतीन वर्षांची. तिचा बाप धान्याच्या कोठारावर नोकरीला लागून त्यांना गावात आठवडा झाला होता. ती बोट फिरवत मोठ्याने वाचत होती. कोंबड्या. कुत्रा. कपडे. मी खोकले. ती थांबली, माझं खोकणं संपेपर्यंत तिने शहाण्यासारखी वाट पाहिली, आणि मग म्हणाली, "आता मावशीची गाडी. पिवळी. मावशीने फाटक उघडं टाकलं."

हेडीचं स्टूल करकरलं.

"त्या पानावर गाडी आहे?" तिने विचारलं.

"कुठली गाडी!" मी हसले. "पोरं रचतात गं. हीच तर गंमत असते या पुस्तकांची, प्रत्येकाची गोष्ट वेगळी."

"वेगळी?" हेडी उठली. "मग दुसऱ्याला सांगू दे."

तिने टीगनच्या मांडीवरून पुस्तक उचललं आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीखाली बसलेल्या ब्रेंट नावाच्या मुलाकडे नेलं. तिथे टीगनचा आवाज पोचला नव्हता, खिडकीवर वारा इतका आदळत होता. ब्रेंटने पानं उलटली. मी त्याच्या ओठांकडे बघत होते.

"कपडे," तो म्हणाला. "मग पिवळी गाडी झाडाखाली. मग फोन वाजतो. मावशी फोनवर हसते... हसते... हसतेच आहे."

फोनचं कुणालाच माहीत नव्हतं. इल्साच्या चित्रातही फोन नव्हता.

 रोझलिनने आपल्या मुलीला, जोडीला, जवळ ओढलं, पण हेडी तिच्यापुढे गुडघे टेकून बसली. "बाळा, तू सांगतेस?" जोडी लाजाळू, माझ्याशीही कधी बोलत नसे. तिने पुस्तक उघडलंसुद्धा नाही. नुसता हात मलपृष्ठावर ठेवला.

"फाटक उघडं," ती म्हणाली. "मुलगी बदकं बघायला जाते. मग मावशी धावत येते... ओरडते. मग मावशी गाडी परत आणते. पहिल्या जागी लावते. मग फोन करते."

"मुलगी कुठे आहे?" हेडीने विचारलं. तिचा आवाज अगदी शांत होता.

"पाण्यात," जोडी म्हणाली. "ती बघतेय ना सगळं."

मुलं देवाघरची फुलं असतात म्हणणाऱ्याने एकदा त्यांच्यासमोर खोटं बोलून बघावं. होय, मी आधी गाडी हलवली होती. भिजलेल्या लेकराला काठावर ठेवून मी आधी गाडी हलवली, मग फोन केला. हे मी देवाजवळसुद्धा बोलले नव्हते.

हेडीने पानं मोजली. पंधरा भरली. शिवणीवर तिने बोट फिरवलं, माझ्या सफाईवरून. मग माझ्याकडे बघितलं. मी एक शब्द बोलायला हवा होता. हो, एवढा एकच. चार आया होत्या तिथे, संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं आणि माझ्या बहिणीला तिचं नाव परत मिळालं असतं. मी दिव्याची वात खालीवर करत राहिले.

"म्हणजे मी बंद केलं होतं," हेडी म्हणाली. ती रडेल असं वाटलं, पण ती हसली. अकरा वर्षांनी कुणीतरी पाठीवरचं पोतं उतरवावं तशी हसली. "मी बंद केलं होतं, लॉर्ना."

पुस्तक छातीशी धरून ती निघाली. मी म्हटलं, वादळ ओसरू दे.  तिने दाराखालचा टॉवेल पायाने बाजूला केला, बाहेर पडली, आणि त्या मातीच्या लोंढ्यात उभी राहून तिने दार नीट ओढून घेतलं. मग बाहेरून तोच ओला टॉवेल फटीत परत कोंबल्याचा आवाज आला. मी वाकून पाहिलं, तर टॉवेल आतच पडलेला होता.

आया बोलतील म्हणून मी महिनाभर वाट पाहिली. कुणी बोललं नाही. पोरांच्या बडबडीवर कोण विश्वास ठेवतं? शिवाय हेडीला दोष द्यायची गावाला सवय झाली होती, आणि सवय मोडायचा कंटाळा माणसाला फार असतो. इस्टरच्या आधीच ती गेली. तिच्या दफनाला मी गेले नाही. तोंड कुठलं घेऊन जाणार?

पुढच्या आठवड्यात टपालाने पुस्तक परत आलं. सोबत चिठ्ठी नव्हती. मी पानं मोजली. सोळा भरली. कपडे आणि बदकं यांच्यामध्ये फाटक होतं, खोडलेलं आणि उघडं, झाडाखाली गाडी. मी बोट लावलं तर पिवळं मेण बोटाला लागलं. ओल्या चिखलाचा वास शिवणीतून येत होता. हे पान मी माझ्या हाताने जाळलं होतं, त्याची राख मी गुलाबांना घातली होती.

आणि शेवटी आणखी एक पान होतं. सतरावं. कोरं. हेडीने सोळाच शिवली होती.

पुस्तक मी मुलांच्या खोक्यात ठेवते. लपवून उपयोग नाही, हे आता कळलंय. मुलं पूर्वीसारखीच ते वाचतात, फक्त फाटकाशी थांबत नाहीत, कारण आता ते दिसतं. थांबतात ती कोऱ्या पानापाशी. बराच वेळ बघतात. मी मागून वाकून बघते, तर पांढरा कागद. "काय आहे गं तिथे?" विचारलं तर एकही जण सांगत नाही. एरवी एवढी बडबडणारी पोरं ओठ मिटून घेतात.

काल टीगन बघत होती. बोट फिरवत फिरवत ती पानाच्या खालच्या कडेपर्यंत आली, तिथे थांबली, आणि मान वर करून तिने माझ्याकडे बघितलं. मला ती नेहमी बाई म्हणते.

"मावशी," तिने हळूच विचारलं, "तुला पोहता येतं?"

मला येत नाही.